उताराच्या बागेत ओझी वाहायला कोणतं यंत्र घ्यावं?

पाऊस सरला की यंत्रांविषयीची पत्रं वाढतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "किती अश्वशक्तीचं घेऊ?" कोकणातल्या झाडीच्या जागेसाठी मी त्याआधी तीन गोष्टी मोजायला सांगतो. सगळ्यात अरुंद बेडं (आवाराचं फाटक) किती फुटांचं, सगळ्यात खडा उतार किती, आणि भरलं ओझं त्या उतारावरून वर न्यायचं आहे की खाली आणायचं आहे. रिकामं यंत्र चढ चढलं एवढ्यावर सौदा करणारे पुष्कळ भेटतात. यंत्राची खरी परीक्षा भरल्या ओझ्यानिशी उतरताना होते.

प्रश्न : लांज्याजवळ चार एकर वरकस जागा आहे. हापूसची कलमं, काजू, आणि वरच्या अंगाला ऐन-किंजळाची झाडी. शेणखत वर न्यायचं, आंब्याचे क्रेट आणि लाकूडफाटा खाली आणायचा. वाट दोन गडग्यांमधल्या (दगडी कुंपणांमधल्या) पाणंदीतून जाते. पॉवर टिलरला (मागून दांडे धरून चालवायच्या दोन चाकी यंत्राला) ट्रॉली लावू की छोटा ट्रॅक्टर घेऊ?

आधी उतार मोजा. गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि पाच मीटरची दोरी पुरते. दोरीचं चढाकडचं टोक जमिनीला टेकवा, दोरी नळीच्या पाण्याच्या पातळीत आडवी धरा आणि उताराकडच्या टोकापासून जमीन किती खाली आहे ते पाहा. एक मीटर खाली असेल तर उतार २० टक्के झाला. माझा ठोकताळा असा की वाटेवर कुठेही १५ टक्क्यांच्या वर उतार असेल तर टिलरला ट्रॉली जोडून ओझं वाहू नये.

त्याचं कारण टिलर चालवणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यायला हवं. टिलरला डावीकडे वळवायचं तर आपण डाव्या हाताचा क्लच दाबतो. डाव्या चाकाची ताकद तुटते, उजवं चाक ढकलत राहतं आणि यंत्र डावीकडे वळतं. सपाटीला हे बरोबर. उतारावर मात्र इंजिन चाकांना मागे धरून ठेवत असतं. तिथे डावा क्लच दाबला की डावं चाक मोकळं सुटतं, उजव्यापेक्षा वेगाने धावतं आणि टिलर उजवीकडे जातो, म्हणजे हव्या त्या दिशेच्या नेमका उलट. मागून भरल्या ट्रॉलीचा रेटा, पायाखाली जांभ्याचे सुटे खडे, आणि एका बाजूला घळ असेल तर विचार करायला वेळ मिळत नाही. अनुभवी माणूस उतारावर क्लचला हात न लावता दांड्यांनीच दिशा देतो. पण हंगामात टिलर दरवेळी त्याच्याच हाती असेल याची खात्री कोण देणार?

म्हणून तुमच्या जागेसाठी माझं मत १८ ते २४ अश्वशक्तीच्या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरकडे झुकतं. "फोर व्हील" चढासाठी घ्यायचं असं लोक समजतात. मला ते उतारासाठी जास्त मोलाचं वाटतं. या छोट्या ट्रॅक्टरांचे ब्रेक सहसा मागच्या चाकांनाच असतात. पुढच्या चाकांची ताकद जोडलेली असली की तीही रोखायला मदत करतात. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका आणि अर्ध्यावर क्लच दाबू नका. ब्रेकचे डावे-उजवे पेडल वेगळे असतात, त्यांना जोडणारी पट्टी शेतात वळण्यासाठी उघडलेली राहते. पाणंदीत शिरताना ती लावली आहे का, हे खाली वाकून डोळ्यांनी पाहा. ती उघडी राहिली आणि एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

आता रुंदी. या वर्गातला ट्रॅक्टर साडेतीन फुटांच्या आसपास असतो, पण बाजारात तयार मिळणारी ट्रॉली त्याहून बरीच रुंद असते. गडग्याला घासते ती ट्रॉलीच. तेव्हा जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ट्रॅक्टरच्याच रुंदीची, बुटकी, स्वतःचे ब्रेक असलेली ट्रॉली बनवून घ्या आणि दोन्ही बाजूंना वीतभर तरी मोकळं राहू द्या. उतारावर भरल्या ट्रॉलीचं एकूण वजन ट्रॅक्टरच्या वजनापेक्षा जास्त होऊ देऊ नका. वीस किलोचे तीस क्रेट म्हणजे ६०० किलो, त्यात ट्रॉलीचं वजन वेगळं. एका खेपेची घाई करण्यापेक्षा दोन खेपा करा.

कलमं १० बाय १० मीटरवर असतील तर ओळीतून फिरायला जागा आहे, मात्र खालच्या फांद्या आड येतात. चालकाच्या मागची लोखंडी कमान फांद्यांना लागते म्हणून काही जण ती काढूनच ठेवतात. तसं करू नका. वाटेवरच्या फांद्या छाटा, कमान उभी ठेवा आणि पट्टा बांधा. ट्रॅक्टर कलंडला तर माणूस त्या दोहोंमुळेच वाचतो. माघानंतर पातेरा (गळलेली पानं) वाळून कोरडाठाक झालेला असतो. सायलेन्सरपाशी आणि पोटाखाली अडकलेली पानं रोज काम संपताना काढत जा.

प्रश्न : गुहागरला घरामागे नारळ-पोफळीचं आगर आहे, पाऊण एकर. नारळ आणि चुडतं (झावळ्या) वाहून पाठ धरते. छोटं काही मिळेल का?

पोफळी सहसा २.७ मीटरवर लावतात, त्यात पाण्याचे पाट. तिथे इंजिनवालं मोठं काही नेऊ नका. पाटांच्या कडा ढासळतील आणि वरच्या थरातली मुळं दुखावतील. हवेचा रुंद टायर असलेली एकचाकी ढकलगाडी घ्या आणि पाटांवर टाकायला दोन-तीन फळ्या करून ठेवा. सोडणासकट (वरच्या सालीसकट) नारळ सव्वा किलोचा धरला तर शंभर नारळांचं सव्वाशे किलो होतं, म्हणजे तीन खेपा. पैसे खर्चायचेच असतील तर चुडतांचा चुरा करणाऱ्या श्रेडरवर खर्चा. तो आगराच्या तोंडाशी ठेवा, चुरा झाडांच्या आळ्यात पसरा. निम्मी वाहतूकच संपेल आणि ओलही टिकेल.

प्रश्न : मी संगमेश्वर तालुक्यात राहते. यजमान मुंबईला. दोन एकर काजू आणि मोकळ्या सड्यावरचं (कातळाच्या माळावरचं) गवत मला एकटीला सांभाळायचं आहे. ग्रास कटर झेपेल का? दरवर्षी वणव्याची धास्ती असते.

ताई, झेपेल, पण दुकानात नुसतं उचलून पाहू नका. टाकी भरून, पट्टा अंगावर चढवून दहा मिनिटं उभ्या राहा. खांदा आणि कंबर तेवढ्यात सांगतात. बाजूला लटकणारं यंत्र दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यासह घ्या. पाठीवरच्या इंजिनाची नळी लवचीक असते, ती सवयीशिवाय उतारावर आवरत नाही. फोर स्ट्रोक घेतलंत तर पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं काम वाचतं. टू स्ट्रोक घेतलंत तर कंपनीने दिलेलंच प्रमाण ठेवा. पुष्कळ यंत्रांना ते ५०:१ असतं, म्हणजे लिटरला २० मिली.

गवताला नायलॉनची दोरी, करवंदीच्या जाळीला आणि घाणेरीला धातूचं पातं. पात्याच्या उजव्या पुढच्या कोपऱ्याने जाड खोडाला भिडू नका, यंत्र झटका देऊन फेकलं जातं. डाव्या अंगाने कापत चला. उताराला आडवं चाला, वर-खाली नको. काम चालू असताना पंधरा मीटरच्या आत कुणी, विशेषतः मुलं, येऊ देऊ नका. जांभ्याचा खडा गोळीसारखा उडतो, म्हणून गॉगल आणि बूट घातल्याशिवाय यंत्र सुरूच करू नका.

लहान काजूच्या बुंध्याभोवतीचं हातभर गवत मात्र विळ्याने काढा. नायलॉनची दोरी बुंध्याला चारी बाजूंनी लागली की साल निघते आणि झाड महिन्या-दोन महिन्यांत वाळतं. तेव्हा आपण दोष किडीला देतो.

वणव्यासाठी यंत्रापेक्षा वेळ महत्त्वाची. पाऊस थांबल्यावर, गवत पिवळं पडायच्या आत पहिली कापणी करा. मग बांधाच्या कडेने तीन-चार मीटरची पट्टी मातीपर्यंत साफ करा आणि शिमग्याच्या आधी पुन्हा एकदा पातेरा ओढून घ्या. कापलेलं गवत त्या पट्टीत साठवू नका. शेजाऱ्यांनीही तीच रेघ पुढे नेली तर पट्टीचा उपयोग दुप्पट होतो. त्यांच्याशी बोलून घ्या.

प्रश्न : कुडाळजवळ तीन एकर रान घेतलं आहे. परदेशी व्हिडिओंमध्ये दिसते तशी चारचाकी एटीव्ही (रानवाटांवर चालणारी उघडी छोटी गाडी) घ्यावी का?

माझ्या मते नको. ती माणसाला रानात फिरवते, पण किमतीच्या मानाने ओझं थोडं नेते. सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळायचे नाहीत. रस्ता ओलांडायचा असेल तर नोंदणीचं आरटीओत लेखी विचारून मगच पैसे द्या. वर्षातून दहा-पंधरा दिवसांचं काम असेल तर गावातला ट्रॅक्टर भाड्याने सांगा आणि उरलेल्या पैशांत वाटेला दगडी सोलिंग व पाण्याला गटार करून घ्या. चांगल्या वाटेवर साधं यंत्रही धावतं.

प्रश्न : श्रीवर्धनकडे २०२० च्या निसर्ग वादळात पडलेली काही झाडं अजून बागेत आहेत, यंदा आणखी दोन कलंडली. ओंडके ट्रॅक्टरने ओढून आणावेत का?

आधी वजनाचा अंदाज घ्या. एक फूट जाडीचा, दहा फूट लांबीचा ओला ओंडका दोनशे किलोच्या घरात जातो. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट. जळणाचं लाकूड असेल तर जागेवरच तीन-तीन फुटांचे तुकडे करून गाडीने न्या.

सबंध ओंडकाच हवा असेल तर साखळी ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या दांड्यालाच बांधा. वरच्या पिनेला किंवा आसाच्या वर कुठेही बांधली आणि ओंडका एखाद्या मुळाला अडकला, की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात आणि तो चालकावर पालथा पडतो. सावरायला वेळच मिळत नाही. ओंडक्याचं पुढचं टोक कुऱ्हाडीने गोल तासून घ्या, म्हणजे ते जमिनीत रुतत नाही. घळीत पडलेल्या झाडासाठी हाताची विंच बरी. तिचा टेकू जिवंत झाडाला द्यायचा असेल तर रुंद पट्टा वापरा, तार साल कापते. नुकत्याच कलंडलेल्या झाडाचं खोड बुंध्यापाशी कापताना मुळांचा गड्डा परत खड्ड्यात आपटू शकतो, त्या बाजूला कुणी उभं राहू नये.

उभं झाड तोडायचं असेल तर १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, खैर, साग ही झाडं आहेत. आपल्या मालकीची असली तरी परवानगी लागते. पडलेल्या झाडाचे फोटो काढून ठेवा आणि लाकूड रस्त्यावर आणण्याआधी वनपालांना विचारा.

प्रश्न : अनुदान मिळेल का? आणि घेतलेलं यंत्र पावसात कसं ठेवावं?

कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत अल्प व अत्यल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, इतरांना ४० टक्के, आणि प्रत्येक यंत्राला कमाल रकमेची मर्यादा, अशी रचना आहे. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर करायचा. पूर्वसंमतीचं पत्र हातात येण्याआधी बिल फाडू नका, ते अनुदानाला धरलं जात नाही.

पावसाळ्यात पेट्रोलची यंत्रं टाकी रिकामी करून, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालवून मगच ठेवा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते आपल्या दमट हवेतलं पाणी ओढून घेतं आणि दसऱ्याला यंत्र सुरू करताना दोरी ओढून ओढून हात भरून येतो. ट्रॅक्टरच्या बॅटरीची ऋण बाजूची तार सोडा, सगळ्या निपलांना ग्रीस भरा, समुद्र जवळ असेल तर ठेवण्याआधी गोड्या पाण्याने धुवून वाळवा. वायरिंगजवळ उंदीर घर करतात, म्हणून पंधरा दिवसांनी बॉनेट उघडून पाहा.