वडिलांवर तीन ठिकाणी उपचार चालू आहेत, नेमकं कोणाचं ऐकायचं?

तुम्ही डिचोलीहून विचारलंय: वडील बायपोलरसाठी (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार होणारा आजार) लिथियमच्या गोळ्या घेतात, बीपी गावातले डॉक्टर बघतात, समुपदेशन तिसरीकडे चालतं आणि तिघे तीन गोष्टी सांगतात. तिघांतून एकाला निवडू नका. एकाचं काय चाललंय ते दुसऱ्याला कळायलाच हवं, लिथियम चालू असताना तर नक्कीच.

मी मनोरुग्णांच्या कुटुंबांसोबत समाजसेविका म्हणून काम करते. लिथियमची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं असतं. बीपीच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, रक्तातलं लिथियम वाढवतात. गुडघे दुखतात म्हणून फार्मसीतून आणलेली आयब्युप्रोफेनही तेच करते. मे महिन्यात उन्हात घाम गाळून पाणी कमी पडलं, तरी धोका असतो. हात जास्त थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले, तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ही लिथियम वाढल्याची लक्षणं असू शकतात, पण घरच्यांना वाटतं, जुना आजारच उसळला. वडिलांना वारंवार भेटणारी समुपदेशक हे सगळ्यात आधी टिपू शकते, पण कोणत्या गोळ्या चालू आहेत हे तिला ठाऊक असेल तरच.

एकत्र उपचारांचा मोठा प्रयोग आपल्या गोव्यातच झालाय. ‘मानस’ या अभ्यासात आरोग्य केंद्राचे डॉक्टर, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशक आणि भेट देणारे मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून नैराश्य आणि चिंतेचे रुग्ण हाताळले. 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: सरकारी केंद्रांत नेहमीच्या उपचारांपेक्षा रुग्ण जास्त प्रमाणात बरे झाले. खासगी दवाखान्यांत तसा ठळक फरक दिसला नाही. आजार वेगळा होता, तरी मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो.

आता तुमचं काम. एका वहीत सगळ्या गोळ्या मात्रेसह लिहा, आयुर्वेदिक आणि दुखण्याच्यासुद्धा. प्रत्येक भेटीला ती वही पुढे करा. बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आधी दोन्ही डॉक्टरांचं बोलणं घडवून आणा. लिथियमची पातळी, किडनी आणि थायरॉइड यांच्या तपासण्या शेवटच्या कधी झाल्या, हे विचाराच. पातळीसाठीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी देतात. गोपनीयतेचं कारण कोणी पुढे केलं, तर 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उपचारापुरती माहिती इतर आरोग्य व्यावसायिकांना द्यायला मुभा देतो. तरी हे सगळं वडिलांना विचारून, त्यांना समोर बसवूनच करा.