सशाचे शिंग, वंध्यापुत्र आणि मृगजळ

प्रश्न असा आहे : 'नसलेली गोष्ट' या अर्थाने हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरले तर चालतील का?

माझ्या मते मुळीच नाही. घोटाळा बहुधा वामन पंडितांच्या 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता' या पाठ असलेल्या श्लोकामुळे होतो. त्यात मृगजळ आणि सशाचे शिंग शेजारीशेजारी आहेत. तिथे कवीला केवळ अशक्यता हवी आहे, त्यामुळे ते खपून जाते.

पण मृगजळ दिसते. जवळ गेल्यावर पाणी नाही हे कळते, तरी तोवर ते दिसलेले असतेच. म्हणून अद्वैती, म्हणजे ब्रह्म एकच सत्य मानणारे वेदान्ती, त्याला मिथ्या (भासते पण टिकत नाही असे) म्हणतात. वंध्यापुत्र मात्र असत्, म्हणजे मुळातच नसलेला. तो कुणाला भासतही नाही. वंध्येचा पुत्र खरोखर तर जन्मत नाहीच, पण मायेनेही जन्मत नाही, असे अद्वैताचे जुने आचार्य गौडपाद मांडूक्य उपनिषदावरच्या आपल्या कारिकांत (मांडूक्यकारिकेत) बजावतात.

'वंध्यापुत्र' हा शब्दच स्वतःला खोडतो. पुत्र झाला तर ती वंध्या कसली? सशाच्या शिंगाचे तसे नाही. ससा आहे, शिंगेही आहेत, गाईच्या डोक्यावर रोज दिसतात. नाही तो फक्त दोहोंचा संबंध. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तार्किकांनी, इथेच बोट ठेवले. ज्याचा अभाव सांगायचा तो प्रतियोगी कुठेतरी खरा असलाच पाहिजे, हा त्यांचा दंडक. म्हणून 'सशाचे शिंग नाही' हे वाक्य ते 'सशाच्या ठिकाणी शिंग नाही' असे फोडतात. नसलेली तिसरी वस्तू मानण्याची गरजच उरत नाही. बौद्ध तार्किक क्षणभंग, म्हणजे प्रत्येक वस्तू क्षणभरच टिकते हे मत, सिद्ध करताना सशाच्या शिंगाचा दृष्टांत देत. जे मुळातच नाही ते दृष्टांत म्हणून उभे कसे राहील, हा नैयायिक उदयनाचार्यांचा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो.

युरोपात माइनाँग या ऑस्ट्रियन तत्त्वज्ञाचा पक्ष उलटा : सोन्याचा डोंगर नसेना का, पण तो सोन्याचा असतोच! ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलने १९०५ साली 'फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे' हे वाक्य 'फ्रान्सचा सध्याचा राजा असा एकच कुणी आहे आणि तो टकला आहे' असे फोडून त्याला उत्तर दिले. फ्रान्सला तेव्हा राजाच नव्हता, म्हणून वाक्य सरळ खोटे ठरते, नसलेला राजा मानावा लागत नाही. रसेलची रीत वेगळी, पण रोख नैयायिकांच्या जवळचा.

वापरताना एवढे पाहावे : भुरळ घालून फसवणारे आश्वासन हे मृगजळ. खातेही आहे, निधीही आहे, पण त्या खात्याला निधी नाही, तर तो निधी म्हणजे सशाचे शिंग. बिनव्याजी कर्जावरचे व्याज हा वंध्यापुत्र. अर्थात हा शब्द मूल नसलेल्या बाईच्या जिव्हारी लागतो. शास्त्रचर्चेबाहेर मी तिथे 'चौकोनी वर्तुळ' लिहितो, अर्थ तसूभरही बदलत नाही.