चिकन-मटणासाठी कॉस्टकोची मेंबरशिप घ्यावी का?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एक ताई विचारतात : घरात चार माणसं. आठवड्याला चार पौंड चिकन आणि दोन पौंड मटण लागतं. कॉस्टको या सभासदांसाठीच्या घाऊक दुकानाची मेंबरशिप आणि वेगळा डीप फ्रीझर घेऊन नेहमीच्या हलाल दुकानातली खरेदी बंद करावी का?

ताई, चिकन खुशाल तिकडून आणा. मटण आहे तिथूनच घ्या. फ्रीझर तूर्त नको.

साधी मेंबरशिप वर्षाला 65 डॉलर. चिकनवर पौंडाला एक डॉलर वाचला तरी चार महिन्यांत वसूल. फक्त भाव ताडताना दोन्हीकडे एकच कट धरा, हाडासकट तर हाडासकट. 130 डॉलरच्या एक्झिक्युटिव्ह मेंबरशिपच्या फंदात पडू नका. तिच्यावर 2 टक्के परत मिळतात, म्हणजे जादाचे 65 डॉलर भरून निघायला वर्षाकाठी 3,250 डॉलरची खरेदी हवी. नुसत्या चिकनवर तेवढी होत नाही.

खरा घोळ मटणाचा आहे. कॉस्टकोत दिसते ती बहुतेकदा ऑस्ट्रेलियन लॅम्बची, म्हणजे कोवळ्या मेंढीची, बोनलेस रान (हाड काढलेली मांडी). भाव बघून हात पुढे जातो, पण ते बोकडाचं मटण नव्हे. घरी तिच्यावर बांधलेली जाळी सोडली की चरबीचे थर निघतात, आणि लॅम्बचा उग्र वास त्या चरबीतच असतो. ती काढून उरलेलं मांस तोला, भरलेले पैसे त्या वजनाने भागा. तो तुमचा खरा भाव. खिम्याला, कबाबाला ही रान उत्तम. पण रविवारच्या रश्श्याला नळी आणि चापा हव्यातच, आणि ते मिसळून, हवे तेवढे तुकडे करून मटणवालाच देतो. त्याच्याकडे एक गोष्ट मात्र बघा : पुष्कळ दुकानांत वजन आधी होतं, चरबी नंतर निघते. जुनं गिऱ्हाईक आहात, साफ करून मग तोलायला सांगा. माझ्या मते तुमची मोठी बचत इथेच आहे.

फ्रीझर का नको? कॉस्टकोचं चिकन जोडलेल्या छोट्या पाकिटांत मिळतं. कच्चं चिकन फ्रिजमध्ये एक-दोन दिवसच ठेवावं, म्हणून लागेल तेवढं पाकीट बाहेर ठेवून बाकीची त्याच दिवशी फ्रिजच्या वरच्या कप्प्यात गोठवा. तुकडे नऊ महिने चांगले राहतात, खिमा तीन-चारच. तुमच्या खपाला तो कप्पा पुरतो.

तीन महिने दोन्हीकडच्या पावत्या जपा आणि टाकून दिलेलं मांसही त्यात धरा. हिशेब जमला नाही तर मेंबरशिप रद्द करा, कॉस्टको पूर्ण फी परत देतं.