अमेरिकेत गोड ‘आइस्ड टी’ दक्षिणेतच इतका लोकप्रिय का?

जॉर्जियात ‘आइस्ड टी’ मागितला की गोड चहा येतो आणि न्यू यॉर्कमध्ये तोच बिनसाखरेचा येतो, असे का, हा आपला प्रश्न आहे. मी आधी न्यू जर्सीत राहिलो आणि आता नॉर्थ कॅरोलिनात राहतो, त्यामुळे दोन्ही पद्धती माझ्या चांगल्या परिचयाच्या आहेत.

मुख्य फरक साखर केव्हा पडते, यात आहे. दक्षिणेत काळा चहा कडक करून तो गरम असतानाच त्यात साखर विरघळवतात, कडवटपणा कमी व्हावा म्हणून काही घरांत चिमूटभर खाण्याचा सोडाही घालतात, आणि मग गार पाणी मिसळून तो बर्फावर ओततात. एका गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरला, 200 ते 400 ग्रॅम साखर सहज लागते. उत्तरेत साधा चहा आणि सोबत साखरेच्या पुड्या मिळतात. पण बर्फाच्या चहात साखर इतकी सावकाश विरघळते की बरीचशी तळाशीच बसते. आपल्याकडे नुसता ‘चहा’ म्हटले की साखर गृहीत असते आणि नको असल्यास तसे सांगावे लागते. दक्षिणेतला रिवाज नेमका हाच आहे.

यामागे केवळ उष्णता आहे, हे स्पष्टीकरण मला पुरेसे वाटत नाही, कारण ॲरिझोनातही उन्हाळा भाजून काढतो, पण तिथे साधा चहाच चालतो. माझ्या मते धार्मिक वातावरणाचा वाटा मोठा आहे. देशव्यापी दारूबंदी 1933 मध्ये उठली, तरी दारूला विरोध करणाऱ्या बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचा प्रभाव असलेल्या दक्षिणेतील अनेक काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, ती पुढेही टिकली आणि मिसिसिपी राज्याने तर ती 1966 मध्ये उठवली. साहजिकच पाहुण्यांपुढे निःसंकोचपणे ठेवता येईल अशा थंड पेयाला तिथे मान मिळाला.

हे पेय 1904 च्या सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनात जन्मले, असे अनेकदा सांगितले जाते, पण ते खरे नाही. ‘हाउसकीपिंग इन ओल्ड व्हर्जिनिया’ या 1879 च्या पुस्तकात त्याची कृती आहे. गंमत अशी की तिच्यात हिरवा चहा वापरला आहे आणि साखरही गरम चहात न घालता पेल्यात बर्फावर दोन चमचे घालायला सांगितली आहे, म्हणजे आजची दाक्षिणात्य पद्धत नंतरची आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी हिरव्या चहाची आवक थांबली आणि भारतातून येणाऱ्या काळ्या चहाने त्याची जागा कायमची घेतली.

ही सीमारेषा काही ठळक नाही. व्हर्जिनियाच्या दक्षिण भागात गोड चहा सर्रास मिळतो, वॉशिंग्टनलगतच्या उत्तर भागात तो गृहीत धरता येत नाही. टेक्ससमध्ये दोन्ही चालतात. मॅकडोनाल्ड्सने 2008 मध्ये ‘स्वीट टी’ देशभर विकायला घेतल्यापासून तो उत्तरेतही मिळतो, पण घरोघरी फ्रिजमध्ये त्याचे भांडे भरून ठेवण्याची सवय दक्षिणेचीच राहिली आहे. जॉर्जियाच्या विधिमंडळात तर 2003 मध्ये एप्रिल फूलची थट्टा म्हणून, चहा देणाऱ्या प्रत्येक उपाहारगृहाने गोड चहा ठेवलाच पाहिजे, असे विधेयक मांडले गेले होते.

दक्षिणेत जाणार असाल तर ‘अनस्वीट’ असे स्पष्ट सांगा, किंवा अर्धा गोड आणि अर्धा साधा असा मिसळून मागा; वाढणाऱ्यांना याची सवय असते. पेला रिकामा होण्याआधीच तो पुन्हा भरला जातो, तेव्हा कोणता चहा ओतत आहेत, याकडे मात्र लक्ष असू द्या.