स्टँडर्ड ट्यूबच दुसरी निघाली तर नाव कुणाचं बदलायचं?

तुझा प्रश्न नीट वाचला. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरनं म्हशीचं दूध आणून दही लावलंस, त्यातनं आयसोलेट (म्हणजे वेगळा करून वाढवलेला जिवाणू) काढलास, तुलनेला लॅबमधली 'लॅक्टोबॅसिलस केसी, एटीसीसी ३९३' (एटीसीसी हा अमेरिकेतला जिवाणूंचा संग्रह, ३९३ हा त्यातला नंबर) लिहिलेली ट्यूब घेतलीस आणि १६एस (जिवाणू ओळखायला वाचतात तो जीन) करून आल्यावर ब्लास्टमध्ये, म्हणजे डेटाबेसशी सिक्वेन्स जुळवल्यावर, दोघांचाही पहिला हिट पॅराकेसी, केसीच्या जवळची दुसरी स्पीशीज. आता गाईड म्हणतात ट्यूबवर केसी आहे तर केसीच लिही, आणि तू विचारतोयस की केसी हे नावच रद्द झालंय काय.

नाव रद्द झालेलं नाही भावा. पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव, रेफरन्स स्ट्रेन (स्ट्रेन म्हणजे स्पीशीजमधला एक ठराविक वंश) वेगळा आणि टाइप स्ट्रेन वेगळा. रेफरन्स म्हणजे कंट्रोलला किंवा टेस्टला सोयीचा म्हणून वापरात आलेला कुठलाही स्ट्रेन. टाइप म्हणजे ज्याला ते नाव कायमचं बांधलंय तो, एका स्पीशीजला एकच. हे मोजणीच्या दगडासारखं आहे, दगड शेताच्या मधोमध असायची गरज नाही, पण मोजणी तिथनंच सुरू होते. म्हणून चुकीचा निघालेला स्ट्रेन यातला कुठला, हे बघितल्याशिवाय पुढं बोलूच नये.

नुसता रेफरन्स चुकला असेल तर काम सोपं. एटीसीसी ९३४१ घे, फार्मा कंपन्यांच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये अँटिबायोटिक अ‍ॅसेला झोन (औषधाभोवती जिवाणू न वाढलेली जागा) मोजायला वर्षानुवर्षं हाच वापरतात. आधी तो सार्सिना ल्युटिया होता, मग मायक्रोकॉकस ल्युटियस झाला, आणि २००३ मध्ये नीट तपासल्यावर कोकुरिया रायझोफिला निघाला. म्हणून मायक्रोकॉकस ल्युटियस या नावाला काही धक्का बसला नाही, कारण त्याचा टाइप एनसीटीसी २६६५ हा दुसराच. फक्त ९३४१ चं लेबल बदललं. एटीसीसी ६६३३ पण तसाच, सगळीकडं बॅसिलस सबटिलिस म्हणून शिकवला गेला आणि आता बॅसिलस स्पिझिझेनी.

खरी डोकेदुखी टाइपच बाकीच्यांपासनं वेगळा निघतो तेव्हा होते, आणि तुझी केसी नेमकी त्यातलीच. १९८० च्या जिवाणूंच्या मान्य नावांच्या यादीत केसीचा टाइप म्हणून एटीसीसी ३९३ आहे. पण डीएनए हायब्रिडायझेशन (दोन स्ट्रेनचे डीएनए एकमेकांशी किती जुळतात ते बघणं) केल्यावर दिसलं की चीज-दह्यातले ज्यांना सगळे केसी म्हणत होते ते बहुतेक स्ट्रेन ३९३ शी जुळतच नाहीत. मग १९८९ मध्ये त्यांना पॅराकेसी हे नवं नाव दिलं. त्यावर दुसऱ्या गटाचं म्हणणं असं की एवढ्या सगळ्यांची नावं बदलण्यापेक्षा टाइपच बदलूया, ३९३ काढून एटीसीसी ३३४ बसवूया, म्हणजे बहुसंख्य केसीच राहतील आणि ३९३ ला झीई या वेगळ्या स्पीशीजच्या नावाखाली टाकता येईल. हा वाद वर्षानुवर्षं चालला, एकाच स्ट्रेनला एका पेपरात केसी आणि दुसऱ्यात पॅराकेसी. शेवटी २००८ मध्ये ज्युडिशियल कमिशननं (जिवाणूंच्या नावांचे वाद सोडवणारी आंतरराष्ट्रीय समिती) ८२ क्रमांकाच्या ओपिनियनमध्ये, म्हणजे निर्णयात, सांगितलं की टाइप ३९३ च राहणार.

माझ्या मते हा निर्णय बरोबरच होता. लोकांना त्रास झाला हे खरं, याकुल्टचा शिरोटा स्ट्रेन जगभर केसी म्हणून माहीत आणि तो पण आता पॅराकेसीत. पण जास्त लोक काय म्हणतात त्यावर टाइप हलवायला लागलो तर उद्या प्रत्येकजण आपल्या सोयीचा स्ट्रेन पुढं करेल आणि जुना एकही पेपर कशाबद्दल आहे ते कळणार नाही. टाइप हरवला, मेला किंवा मूळ वर्णनाशी जुळेना तर त्यासाठी निओटाइप (जुन्याच्या जागी नवा टाइप) सुचवायची, कमिशनकडं अर्ज करायची रीतसर वाट आहे. आपल्या लॅबच्या पातळीवर ते ठरत नाही, आणि गाईडच्या पातळीवरही नाही.

आता तुझ्या ट्यूबकडं येऊ. तिच्यावर ३९३ लिहिलंय म्हणजे आत ३९३ आहे असं धरू नकोस. ३९३ चा प्लाझमिड (जिवाणूतला छोटा सुटा डीएनए) काढून टाकलेला म्हणून एक स्ट्रेन लॅबोलॅब फिरला, जेनेटिक्सच्या कामात लई वापरला गेला, आणि २००३ मध्ये शेजारी शेजारी ठेवून तपासल्यावर दिसलं की तो खऱ्या ३९३ शी जुळत नाही. तोच बीएल२३ नावाचा स्ट्रेन, जिनोमवरनं (म्हणजे सगळ्या डीएनएवरनं) पॅराकेसी. तुझी ट्यूब कुणाकडनं आली, मूळ कुठल्या कलेक्शनची, मधे किती हात बदलले, हे रजिस्टरमध्ये शोध. नोंद नसेल तर ती ट्यूब स्टँडर्ड म्हणून वापरायचीच नाही, पुण्याहून एनसीआयएम किंवा एनसीएमआर या जिवाणूंच्या संग्रहांकडनं टाइप स्ट्रेन नव्यानं मागव, आणि मागवताना कॅटलॉगमध्ये टाइप म्हणून नोंद आहे का ते बघून घे.

आणि १६एस वर थांबू नकोस. केसी, पॅराकेसी, रॅम्नोसस या गटात १६एस इतकं सारखं आहे की वरचा हिट काय आला त्याला फार अर्थ नाही. त्यात डेटाबेसमध्ये जुन्या काळी केसी म्हणून टाकलेले पॅराकेसीचे सिक्वेन्स अजून पडून आहेत. ब्लास्ट करताना फक्त टाइप मटेरियलचे सिक्वेन्स असा पर्याय असतो तो टिक कर, निम्मा गोंधळ तिथंच मिटतो. मग म्यूट-एल किंवा फी-एस जीन कर, खर्च फार नाही आणि या गटात चांगले वेगळे काढतात. जिनोम करायला पैसे मिळाले तर टाइपशी एएनआय (दोन जिनोममधलं सरासरी साम्य) काढ, ९५-९६ टक्क्यांच्या वर असेल तर तीच स्पीशीज, खाली असेल तर नाही.

थिसिसमध्ये सरळ लिही, आयसोलेट लॅक्टिकेसीबॅसिलस पॅराकेसी (२०२० मध्ये जीनस, म्हणजे नावाचा पहिला भाग, बदलला ना, तो पण सांभाळ), आणि तुलनेचा स्ट्रेन 'केसी एटीसीसी ३९३ म्हणून मिळालेला, म्यूट-एलवरनं पॅराकेसी'. अर्थात म्यूट-एल तसं आलं तरच. जुन्या लेबलवरचा नंबर खोडू नकोस, तो तसाच दे, नाहीतर पुढच्याला कुठल्या ट्यूबचे आकडे आहेत ते कळणार नाही. गाईडना २००८ चं ओपिनियन प्रिंट काढून दाखव, दोन पानांच्या आसपासचं वाचन आहे, आणि सोबत दोन्ही ट्यूबचे म्यूट-एल सिक्वेन्स टाइपच्या खाली लावून ठेव, म्हणजे तोंडी वाद घालायची वेळ येणार नाही.