अमेरिकेत ट्रक चालवणाऱ्याने लवादाच्या करारावर (म्हणजे वाद कोर्टाऐवजी खासगी मध्यस्थाच्या निवाड्याने सोडवायचा करार) सही केली असेल, तर तो कंपनीला कोर्टात खेचू शकतो का?

बऱ्याचदा हो, त्यामुळे सही केली म्हणून हातपाय गाळू नका. असे करार पाळायला लावणाऱ्या 1925 च्या संघीय लवाद कायद्याच्या पहिल्याच कलमात खलाशी, रेल्वे कर्मचारी आणि आंतरराज्य व्यापारातल्या इतर कामगारांचे नोकरीचे करार वगळले आहेत. 2001 मध्ये सुप्रीम कोर्टाने ही सूट फक्त वाहतूक कामगारांपुरती ठेवली.

‘तू नोकर नाहीस, स्वतंत्र कंत्राटदार आहेस’ हे कंपन्यांचं आवडतं उत्तर. न्यू प्राइम विरुद्ध ऑलिव्हेरा (2019) खटल्यात ते टिकलं नाही. कंत्राटदार ट्रकचालकालाही सूट मिळते. 2022 मध्ये साउथवेस्टच्या विमानांत सामान चढवणाऱ्या रॅम्प सुपरवायझरला ती मिळाली. 2024 मध्ये ब्रेड पोचवणाऱ्यांच्या खटल्यात कोर्ट म्हणालं, कंपनी वाहतूक व्यवसायातलीच असायला हवी असं नाही. कामगार स्वतः काय काम करतो ते महत्त्वाचं, आणि माझ्या मते हेच न्याय्य आहे. शहरातल्या शहरात प्रवासी नेणाऱ्या ॲप-टॅक्सीचालकांना मात्र अपील कोर्टांनी बहुधा नकार दिलाय.

एक धोका राहतोच: संघीय कायदा लागू नसला तरी कंपनी राज्याच्या लवाद कायद्यावर बोट ठेवू शकते. करारात कोणत्या राज्याचा कायदा लिहिलाय ते पाहा आणि तो कागद कामगार-वकिलाला दाखवा.