चढाचा नव्हे, उताराचा विचार आधी करावा

प्रश्न : माझे वय ६७ वर्षे आहे. स्पेनमधील सांतियागोची पदयात्रा, म्हणजे कामिनो, पायी पूर्ण करावी अशी फार दिवसांची इच्छा आहे. मी रोज सकाळी तासभर चालते, चढावर दम लागत नाही, मात्र जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. या वयात ८०० किलोमीटरचे धाडस करू नये, असे मुलांचे म्हणणे आहे. आपला सल्ला काय?

उत्तर : जिना उतरताना गुडघा दुखतो, हे आपण पत्रात ओघात लिहिले आहे, माझ्या मते सगळे नियोजन त्याच एका वाक्याभोवती करायला हवे. आपल्या वयाचे आणि त्याहून मोठ्या वयाचे असंख्य यात्रेकरू ही वाट दरवर्षी चालतात, त्यामुळे केवळ वयाकडे बोट दाखवून आपल्याला कोणी थांबवू नये. अस्थिरोगतज्ज्ञांकडून गुडघा तपासून घेणे मात्र तिकीट काढण्याच्या आधी झाले पाहिजे.

चढावर दम लागतो आणि माणूस आपोआप थांबतो. उतारावर असा इशारा मिळत नाही. पाऊल खाली टाकताना मांडीच्या पुढच्या भागातील स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी शरीराचे सगळे वजन त्याने तोलून धरलेले असते. तो थकला की भार गुडघ्याच्या वाटीवर येतो, आणि दुखणे जाणवते ते बहुधा संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना. म्हणून नकाशा पाहताना कुठे किती चढायचे आहे याच्या आधी कुठे किती उतरायचे आहे ते पाहावे.

आपण म्हणता तो ८०० किलोमीटरच्या आसपासचा फ्रेंच मार्ग आहे. तो फ्रान्सच्या हद्दीतील सँ-झाँ-पिए-द-पोर या गावातून निघतो आणि पहिल्याच दिवशी सुमारे १,४०० मीटर उंचीची पिरेनीजची खिंड ओलांडून रोन्सेस्व्हायेसला उतरतो. हे साधारण २५ किलोमीटर एका दिवसात चालण्याचा प्रघात आहे, परंतु तो आपण पाळू नये. सुमारे ८ किलोमीटरवर ओरिसाँ येथे मुक्काम मिळतो; जागा मोजक्या असल्याने तो आधी राखून ठेवावा. दुसऱ्या दिवशी खिंडीतून उतरताना दोन वाटा फुटतात. सरळ खाली जाणारी जंगलातील वाट अतिशय तीव्र उताराची आहे, तर इबान्येताकडून वळसा घेणारी वाट थोडी लांब पण सौम्य आहे. आपण निःशंकपणे दुसरी धरावी. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात हा डोंगरावरचा मार्ग बंद असतो आणि तेव्हा व्हालकार्लोसच्या दरीतूनच जावे लागते.

पुढे पाम्प्लोनानंतर आल्तो देल पेर्दोनच्या माथ्यावरून उतरताना पायाखाली सुटे गोटे असतात. तथापि, खरी परीक्षा आहे ती क्रूस दे फेर्रोच्या पुढे. तेथील सुमारे १,५०० मीटर उंचीवरून मोलिनासेकापर्यंत वाट जवळजवळ ९०० मीटर खाली येते, आणि तीही खडकाळ, पावसात निसरडी होणारी. हा उतार एका दमात संपवण्याऐवजी मधल्या एल असेबो गावात रात्र काढावी, म्हणजे गुडघ्याला रात्रभराची विश्रांती मिळते. पाठीवरचे ओझे पुढच्या मुक्कामी पोहोचवणाऱ्या सेवा या मार्गावर सर्रास उपलब्ध आहेत. निदान अशा दिवसांत त्यांचा उपयोग करण्यात कमीपणा मानू नये. मात्र सार्वजनिक अल्बेर्गेंमध्ये, म्हणजे यात्रेकरूंच्या निवासांमध्ये, सामान पुढे पाठवलेले चालत नाही असे बरेचदा घडते, म्हणून त्या रात्रीची खोली खासगी निवासात घ्यावी.

पूर्वतयारीला किमान चार महिने द्यावेत. सपाट रस्त्यावरचे तासभर चालणे चांगलेच आहे, पण ते उताराची तयारी करून देत नाही. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हळूहळू पायऱ्या उतरण्याचा आणि मांडीचे स्नायू बळकट करण्याचा सराव करावा. दोन्ही हातांत काठ्या घेऊन चालण्याची सवय लावावी. उतारावर त्यांची लांबी थोडी वाढवली की गुडघ्यावरचा भार हलका होतो. शेवटच्या महिन्यात लागोपाठ दोन दिवस लांब चालून पाहावे, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा काय सांगतो त्यावरच रोजचे अंतर ठरवायचे आहे.

ते अंतर १२ किलोमीटर ठरले तरी खंत नसावी. सांतियागोचे प्रमाणपत्र मिळण्यास पायी चालणाऱ्याला १०० किलोमीटर पुरतात, आणि त्यासाठी बहुतेक जण सारियाहून निघतात. तेथून सांतियागो सुमारे ११५ किलोमीटर असून वाटेत गावे जवळजवळ असल्याने नऊ-दहा दिवसांत ते शांतपणे चालता येते. मुलांशी तडजोड करायची असेल, तर यंदा एवढाच टप्पा चालावा आणि पूर्ण मार्गाचा निर्णय गुडघा पाहून घ्यावा. संपूर्ण वाट एकाच खेपेत चालली पाहिजे असा कोणताही नियम नाही.

प्रश्न : रक्तदाबाची गोळी चालू आहे. व्हिसा आणि विम्याबाबत कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण आवश्यक असते, आधीपासूनच्या आजारांचा त्यात समावेश आहे का, हे पॉलिसीत स्वतः वाचून पाहावे. गोळ्या विमानात हातातील पिशवीत ठेवाव्यात आणि औषधाचे मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी सोबत असावी. लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी असेल, तर उन्हात दिवसभर चालताना तिचे प्रमाण काय असावे ते डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारावे. उतारवयात तहान उशिरा जाणवते, त्यामुळे ती लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी पीत राहावे. आपत्कालीन मदतीसाठी तेथे ११२ हा क्रमांक आहे.